ताटाच्या कडेची मटकी

बालमित्रांनो, खासबाग मैदानात कुस्ती पाहिलीय ना? पैलवानांचं पिळदार शरीर बघून वाटतं, दूध, बदाम, अंडी ही सारी चंगळ त्यांचीच! पण त्यातली प्रथिनं तुम्हालाही हवीत. वाढत्या वयात तर हवीतच हवीत. स्नायू, केस, नखं प्रथिनांचीच बनतात. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन आणि रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिपिंडंही प्रथिनंच! ती कमी पडली, की वाढ खुंटते, आजारपण सारखं मागं लागतं.

मग रोज बदाम कुठून आणायचे? गरजच नाही! प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. मणी २० प्रकारचे. त्यातले ९ शरीराला तयार करता येत नाहीत, ते अन्नातूनच मिळवावे लागतात. ज्वारी-तांदळात लायसिन हा मणी कमी. तो मटकी-तुरीत भरपूर. मटकी-तुरीत मेथिओनिन कमी. ते ज्वारी-तांदूळ पुरवतात. म्हणूनच भाकरी-उसळ आणि वरण-भात या जोड्या नामी!

शाळेच्या पोषण आहारातून पहिली ते पाचवीच्या मुलांना रोज १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. पण काहीजण भातातली मटकी वेचून ताटाच्या कडेला सारतात. मग १२ ग्रॅम पुरे व्हायचे कसे?

पालकांनो, नुसत्या चहा-बटरवर मुलांना शाळेला धाडू नका. मूठभर शेंगदाणे-गूळ तरी द्या. आणि मुलांनो, उद्या ताट धुवायला नेण्याआधी कडेला काय उरलंय, ते बघा बरं!