जुनी बंदूक म्हणजे शोभेची वस्तू नव्हे

अमेरिकेत आल्यावर मला जुन्या बंदुकांचा नाद लागला. कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्याचा शिक्का आणि १९६७ साल असलेली रायफल इथल्या दुकानात दिसली, तेव्हा गावचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. रेंजवर तिचा दणका खांद्याला बसतो, त्याची मजा हौशी माणसालाच कळेल.

पण हौशीला शिस्त हवी. १८९८ पर्यंत बनलेली बंदूक इथला केंद्रीय कायदा ‘पुराणवस्तू’ मानतो, तिला बहुतेक नियम लागत नाहीत. म्हणून काही जण ती दिवाणखान्यात टांगतात. गोळीला मात्र साल कळत नाही!

माझं स्पष्ट मत असं: बंदूक रिकामी करून कुलुपात, गोळ्या दुसऱ्या कुलुपात. आणि मुलांना कुणाकडे खेळायला पाठवण्याआधी, “घरात बंदूक आहे का? कुलुपात असते ना?” हे आईवडिलांनी बेधडक विचारावं. आपण भिडेपोटी गप्प बसतो. मला विचारलंत तर राग येणार नाही, उलट बरं वाटेल.

खंडेनवमीला बंदूक पाटावर मांडून हळदकुंकू जरूर वाहा. मात्र पूजा आटोपली की मुलांच्या हाती प्रसाद द्या आणि बंदूक कुलुपात ठेवा.