हक्क नव्हे, मुदतीची मेहेरबानी!

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला आणि लाखो माणसे बेघर झाली. अशा वेळी अमेरिकेत असलेल्या हैतीयनांना परत धाडणे अमानुष ठरले असते. म्हणून ओबामा सरकारने त्यांना ‘तात्पुरता संरक्षित दर्जा’ दिला. १९९० च्या कायद्यातली ही सोय. एका वेळी ६ ते १८ महिन्यांची मुदत, कामाचा परवाना आणि हद्दपारीपासून अभय. मुदत वाढवायची की संपवायची, हे मंत्री ठरवणार. कायम वास्तव्याचा हक्क मात्र या दर्जातून मिळत नाही.

पुढे मुदती वाढत गेल्या. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोईस यांची हत्या झाली, राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा बहुतेक भाग सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेला. दर्जा मिळालेल्यांची संख्या काही लाखांवर पोहोचली. ही माणसे कारखान्यांत आणि वृद्धांच्या शुश्रूषेत राबली, त्यांनी कर भरले. त्यांची तिथे जन्मलेली मुले १४ व्या घटनादुरुस्तीने अमेरिकेची नागरिक आहेत.

जून २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने जाहीर केले की, हैतीतील परिस्थिती सुधारली आहे, आता परत जा! वास्तविक त्याच सरकारचे परराष्ट्र खाते आपल्या नागरिकांना ‘हैतीत जाऊ नका’ असे बजावत होते. जो देश अमेरिकन प्रवाशासाठी जीवघेणा, तो हैतीयन मजुरासाठी सुरक्षित कसा? याचे उत्तर आकडेवारीत नाही, कोणाच्या जिवाला किती किंमत द्यायची या हिशेबात आहे.

हैती एकटी नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे साडेतीन लाख व्हेनेझुएलन लोकांचे संरक्षण काढून घेण्यास सरकारला मोकळीक दिली. जुलैमध्ये होंडुरास आणि निकाराग्वा यांचाही दर्जा संपवण्याची घोषणा झाली. तो १९९९ पासून चालत आला होता!

‘तात्पुरते म्हणजे तात्पुरतेच’ असे समर्थक म्हणतात. पण २६ वर्षे मुदतवाढ देऊन श्रम घेणारी व्यवस्था तात्पुरती कशी? एवढ्या काळात एक पिढी जन्मून कर्ती झाली. ज्यांना मतदानाचा अधिकार नाही त्यांचे श्रम स्वस्त पडतात आणि त्यांना बदनाम करणेही सोपे जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये ओहायोतील स्प्रिंगफिल्डचे हैतीयन लोक पाळीव प्राणी खातात, असा धादांत खोटा आरोप ट्रम्प यांनी प्रचाराच्या वादसभेत केला, तो याच बळावर. आधी बदनामी, मग हकालपट्टी, हा क्रम लक्षात घ्यावा लागेल.

न्यायालयीन स्थगितीने श्वास घ्यायला वेळ मिळतो, पण प्रश्न सुटत नाही. खरा उपाय कायद्याचा आहे. अशा दर्जाधारकांना कायम वास्तव्याचा मार्ग देणारे विधेयक मार्च २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहाने मंजूर केले होते, ते सिनेटमध्ये अडले. तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षही जबाबदारीतून सुटत नाही.

मंत्र्याच्या सहीने मिळालेले मंत्र्याच्याच सहीने जाते. म्हणून या लोकांची मागणी आणखी एका मुदतवाढीवर थांबता कामा नये. ज्यांनी तो देश उभा ठेवला, त्यांना त्या देशात हक्काने राहता आले पाहिजे.