बायोप्सीनंतर कामावर कधी?

गणपतीच्या आधीचे तीन-चार महिने पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या मूर्तींच्या कारखान्यांत कोणालाच उसंत नसते. अशा हंगामात एखाद्या कारागिराला डॉक्टरांनी यकृताची, म्हणजे लिव्हरची, बायोप्सी सांगितली तर त्याचा पहिला प्रश्न आजाराविषयी नसतो. ‘किती दिवस मोडतील?’ हे त्याला आधी हवे असते. तिकडे रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगाराचाही प्रश्न तोच. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली, आणि आपल्या जागेवर दुसरा माणूस उभा राहील ही धास्ती वेगळीच. या प्रश्नाला रुग्णालयातून मिळणारे उत्तर बहुधा एका ओळीचे असते, ‘आठवडाभर आराम करा.’ आराम कोणत्या कामापासून, मधेच दुखू लागले तर काय करायचे, आणि ज्याला बायोप्सीनंतर त्रास झाला त्याने हा आठवडा कोणत्या दिवसापासून मोजायचा, याबद्दल तो कागद काहीच बोलत नाही.

बायोप्सी म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. उजव्या बाजूच्या बरगड्यांमधली जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहून, बारीक सुईने यकृताचा सुतासारखा तुकडा काढला जातो. जर्मनीत पॉल एहरलिख यांनी १८८३ मध्ये असा प्रयत्न केला होता. पण ही तपासणी जगभर रुळली ती इटलीच्या मेंगिनी यांनी १९५८ मध्ये सुई एका सेकंदात आत-बाहेर करण्याची पद्धत मांडल्यानंतर. आता फायब्रोस्कॅनसारख्या तपासण्यांमुळे यकृत किती घट्ट झाले आहे याचा अंदाज सुई न टोचताही येतो, त्यामुळे बायोप्सीची गरज कमी झाली आहे. ती संपलेली मात्र नाही. यकृताला सूज का आली, औषधाने इजा झाली की शरीराचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटली, अशा प्रश्नांची उत्तरे अनेकदा त्या तुकड्यातच असतात. महाराष्ट्राला याचा जुना अनुभव आहे. एकेकाळी आपल्याकडे लहान मुलांचा जीव घेणारा यकृताचा एक आजार होता. त्या मुलांच्या यकृताच्या तुकड्यांत तांबे साठलेले दिसले. पुण्यातल्या डॉक्टरांनी ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर केलेल्या अभ्यासातून १९८० च्या दशकात संशयाची सुई पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांत तापवलेल्या दुधाकडे वळली. भांडी बदलली आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. तेव्हा डॉक्टरांनी विचारपूर्वक सांगितलेली बायोप्सी हंगामाच्या भीतीने टाळणे शहाणपणाचे नाही.

धोका किती, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. इटलीत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ६८ हजारांहून अधिक बायोप्सींचा हिशेब मांडला होता. मृत्यूचे प्रमाण लाखात सुमारे नऊ निघाले. ज्या थोड्या रुग्णांना गुंतागुंत झाली, त्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांना ती पहिल्या दोन तासांत आणि ९६ टक्क्यांना पहिल्या २४ तासांत झाली. म्हणूनच सुई काढल्यावर रुग्णाला काही तास झोपवून ठेवतात, नाडी आणि रक्तदाब वारंवार पाहतात. पहिली रात्र रुग्णालयाच्या जवळ आणि सोबतीला माणूस ठेवून काढावी, असे सांगतात ते याच कारणाने.

पेण-रोह्याच्या रुग्णाचा खरा प्रश्न उरलेल्या चार टक्क्यांचा आहे. बायोप्सी बहुधा मुंबईत किंवा नवी मुंबईत होते. संध्याकाळी सोडले की माणूस गाडी पकडून घरी येतो. रोह्याचा रुग्ण दिव्याहून येणाऱ्या गाडीत उभ्याने प्रवास करतो, नाहीतर मुंबई-गोवा महामार्गावरचे धक्के खात एसटीने पोहोचतो. पाचव्या दिवशी पोटात कळ आली तर बायोप्सी करणारे डॉक्टर काही तासांच्या अंतरावर असतात. जवळ असते ते गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुक्याचे सरकारी रुग्णालय. तिथल्या डॉक्टरांना या माणसाच्या यकृतात चार दिवसांपूर्वी सुई गेली होती हे कोणी सांगितलेले नसते. रुग्णही सांगत नाही, कारण कळीचा आणि बायोप्सीचा संबंध असू शकतो हे त्यालाच ठाऊक नसते.

त्यामुळे काय नेहमीचे आणि काय धोक्याचे, हे घरच्या प्रत्येकाला माहीत हवे. सुई टोचली तिथे दुखणे नेहमीचे. उजवा खांदा दुखणेही नेहमीचे, आणि त्यानेच माणूस सर्वांत जास्त गोंधळतो. सुई पोटाजवळ टोचली, मग खांदा का दुखतो? यकृताच्या वर श्वासपटल असते. त्याची संवेदना वाहून नेणारी मज्जातंतू मानेतून निघते आणि खांद्याच्या त्वचेच्या मज्जातंतूंची मुळेही तिथलीच. त्यामुळे मेंदूला दुखणे खांद्यात असल्यासारखे वाटते. हे दुखणे पॅरासिटामॉलने आटोक्यात येते आणि रोज थोडे कमी होत जाते. गोळी किती घ्यायची ते यकृताची स्थिती पाहून डॉक्टरच ठरवतील. दुकानातून आणलेल्या आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिनसारख्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर ते पुन्हा कधी सुरू करायचे, हे घरी जाण्यापूर्वी लिहून घ्यावे.

धोक्याची खूण म्हणजे वाढत जाणारे दुखणे. त्याबरोबर चक्कर, दरदरून घाम, छातीत धडधड, पोट फुगणे किंवा कडक होणे, दम लागणे, थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणे, काळी डांबरासारखी शौच किंवा रक्ताची उलटी, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. धाप लागणे हे फुप्फुसाला सुई लागून छातीत हवा साठल्याचे लक्षण असू शकते. ताप आणि पोटदुखी हे पित्त पाझरल्याचे किंवा जंतुसंसर्गाचे. काळी शौच, कावीळ आणि कळ ही तिन्ही किंवा त्यांतली एखादी आठवड्याच्या आसपास दिसली तर पित्तनलिकेत रक्त उतरते आहे का, हे पाहावे लागते. सिरॉसिसच्या अनेक रुग्णांना प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्वेडिलॉल ही औषधे चालू असतात. त्यांनी नाडी मंदावते. अशा रुग्णाचे रक्त आत वाहत असले तरी नाडी फारशी वाढत नाही, म्हणून ‘नाडी ठीक आहे’ एवढ्यावर त्याला घरी पाठवू नये. तालुक्याच्या रुग्णालयातही रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि शक्य असेल तर सोनोग्राफी होऊ शकते, आणि रुग्णाला वेळेत पुढे हलवता येते. त्यासाठी आधी बायोप्सी झाल्याचे कळले पाहिजे.

आता कामाचा प्रश्न. कसलाही त्रास झाला नाही तर बसून करायचे काम बहुतेकांना एक-दोन दिवसांत सुरू करता येते. गुंगीचे औषध दिले असेल तर निदान २४ तास वाहन किंवा यंत्र चालवू नये. जड उचलणे निदान आठवडाभर बंद. जड म्हणजे काय, हे किलोत सांगावे लागते. साधारण चार-पाच किलोंहून जास्त. भरलेली कळशी त्याहून जड असते. सुनेला किंवा आईला ‘तू काही कामावर जात नाहीस’ म्हणून दुसऱ्याच दिवशी पाण्याला धाडणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावे. घरकाम हजेरीपटावर नसते, पण पोटाच्या स्नायूंवर ताण तेवढाच येतो.

म्हणून दिवस मोजण्याआधी काम पाहायला हवे. मूर्तीच्या कारखान्यात एकाच छपराखाली दहा प्रकारची कामे चालतात. शाडूची माती मळणे, प्लॅस्टरची पोती उचलणे, साचे हलवणे, तयार मूर्ती टेम्पोत चढवणे ही जड कामे. डोळ्यांची आखणी, दागिन्यांचे रंगकाम ही हलकी कामे, फार तर पाठीला टेकण आणि मधूनमधून उठण्याची सवलत हवी. ‘आठवडाभर आराम’ असे लिहिले की कारागीर एकतर सगळी मजुरी बुडवतो, नाहीतर कागद खिशात घालून तिसऱ्या दिवशी पोती उचलतो. ‘एक आठवडा पाच किलोंवर वजन नको, बसून रंगकाम चालेल’ असे लिहिले तर हात चालू राहतात आणि यकृतही सांभाळले जाते.

रासायनिक कारखान्यात आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली शरीराच्या ताकदीची. पिंपे ढकलणे, घट्ट झडपा फिरवणे, शिडी चढणे, आणि भोंगा वाजला तर धावत बाहेर पडणे हे जमणार आहे का? दुसरी गोष्ट यकृताचीच. कार्बन टेट्राक्लोराइड, डायमिथाइल फॉर्मामाइड यांसारखी काही द्रावके यकृताला इजा करतात. ज्याचे यकृत आधीच दुखावले आहे त्याने कोणत्या विभागात काम करावे, हा निर्णय बायोप्सीचा अहवाल आल्यावर कारखान्याच्या डॉक्टरांनी आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मिळून घ्यायला हवा. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात झालेल्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांतल्या कामगारांची वैद्यकीय तपासणी आणि आरोग्याच्या नोंदी कारखान्यांवर बंधनकारक केल्या, आणि त्या नोंदी कामगाराला पाहता येतील अशी तरतूद केली. बायोप्सीच्या निमित्ताने तरी ती नोंद मागून पाहावी.

ज्याला गुंतागुंत झाली, त्याचे घड्याळ वेगळे. त्याने दिवस बायोप्सीपासून मोजायचे नाहीत, गुंतागुंत थांबल्यापासून मोजायचे. सोनोग्राफीत यकृताच्या कडेला लहानशी गुठळी दिसणे विरळ नाही, ती बहुधा आपोआप विरते. मोठ्या गुठळीला किंवा रक्त द्यावे लागलेल्या रुग्णाला मात्र आठवडे लागतात, आणि पुन्हा केलेली सोनोग्राफी व हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय जड कामाला परवानगी देता येत नाही. छातीत हवा साठली असेल तर एक्स-रे साफ झाला पाहिजे. रक्त गेल्याने थकवा बराच काळ रेंगाळतो, तो आळस नव्हे. लोहाच्या गोळ्याही विचारूनच घ्याव्यात, कारण काही यकृतविकारांत शरीरात लोह आधीच जादा असते. ‘यकृताची शक्ती वाढवणारे’ काढे तर टाळलेलेच बरे. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती.

शरीर बरे होते, मन मागे राहते. ज्याच्या पोटात अचानक रक्तस्राव झाला तो पुढे प्रत्येक चमकेला घाबरतो, खोकायलाही भितो. अशा माणसाला ‘काही झालेले नाही’ म्हणणे उपयोगाचे नसते. त्याला पहिल्या आठवड्यात अर्धा दिवस काम, मग पूर्ण दिवस, मग हळूहळू वजन, असा चढता क्रम आखून द्यावा लागतो. त्यात आणखी एक काटा असतो. ‘लिव्हर’ म्हटले की ‘पीत असणार’ असे लोक धरून चालतात. दारू हे यकृतविकाराचे मोठे कारण आहे, पण मधुमेह आणि स्थूलपणातून साठणारी चरबी, हिपॅटायटिस बी आणि सी, औषधे, आनुवंशिक आजार हीही कारणे आहेत. हिपॅटायटिस बी शेजारी बसून काम केल्याने किंवा एका डब्यातून जेवल्याने पसरत नाही. कामावर द्यायच्या दाखल्यात आजाराचे नाव लिहिण्याची गरजच नसते. काय करू शकतो आणि काय करू नये, एवढे पुरते.

पैशाची बाजू सर्वांत अवघड. ज्यांच्या पगारातून राज्य कामगार विमा योजनेचा हप्ता कापला जातो, त्यांना हप्त्याच्या अटी पूर्ण होत असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के लाभ मिळू शकतो. त्यासाठी दाखला योजनेच्या डॉक्टरांकडून वेळेत घ्यावा लागतो, आणि अनेकांचा हक्क याच पायरीवर बुडतो. मूर्तिकामातला रोजंदारीवरचा कारागीर बहुधा या छत्राखाली येत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजना उपचाराचा खर्च उचलतात, बुडालेला रोज नाही. म्हणूनच हा माणूस खांदा दुखतो हे लपवतो आणि पोती उचलतो. त्याला बेफिकीर म्हणणे सोपे आहे. पण त्याच्यासमोर दुसरा मार्ग कोणी ठेवला, हेही विचारायला हवे.

यासाठी नवे यंत्र किंवा नवी इमारत लागत नाही, अर्धे पान मराठी मजकूर लागतो. बायोप्सी करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने रुग्णाला सोडताना त्यावर तीन गोष्टी लिहून द्याव्यात. धोक्याची लक्षणे आणि रात्री-अपरात्री लागणारा फोन नंबर. गावाजवळच्या डॉक्टरांसाठी दोन ओळी, कोणत्या तारखेला कोणत्या बाजूने सुई घातली आणि कोणती औषधे चालू आहेत. आणि कामाचा दाखला, दिवसांऐवजी कामाच्या प्रकारावर आणि वजनाच्या किलोंवर आधारलेला. बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत एवढा वेळ कुठला, अशी अडचण खरी आहे. पण छापील नमुन्यावर खुणा करायला दोन मिनिटे लागतात, आणि ‘तुम्ही नेमके काय काम करता?’ हे विचारायला त्याहून कमी. रुग्णानेही हा कागद घेतल्याशिवाय पेणची किंवा रोह्याची गाडी पकडू नये.