संकोचाचा बाजार

मुंबईच्या उपनगरी गाडीने रोज प्रवास करणाऱ्याला रुळांलगतच्या भिंतींवरील ‘गुप्तरोगां’च्या जाहिराती पाठ झालेल्या असतात. ताठरता न येणे, शीघ्रपतन, स्वप्नदोष, ‘धातू जाणे’ या सर्वांवर इलाज एकच, आणि तोही खात्रीचा! वस्तुतः लैंगिक सामर्थ्य वाढविण्याच्या औषधाची अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या केंद्रीय कायद्यानेच मनाई केली. तरीही सत्तर वर्षांत हा व्यापार आटलेला नाही. कायदा विक्रेत्याच्या मागे लागला. गिऱ्हाईक का येते याचा विचार कोणी केला नाही.

हे गिऱ्हाईक बहुधा आजारी नसते, निदान स्वतःला तसे समजत नाही. पस्तिशी-चाळिशीचा हा पुरुष वेळेवर कामावर जातो, जिने चढतो; त्याला ताप नाही की कोठे दुखत नाही. सर्व काही ठीक असता एवढेच का बिघडावे, याचे उत्तर तो दोन ठिकाणी शोधतो. एक तर मन दुबळे झाले असावे, नाहीतर तरुणपणीच्या ‘चुकां’चे हे फळ असावे. वीर्यनाशाची ही भीती इतकी जुनी व इतकी व्यापक आहे की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली तिच्यातून उद्भवणाऱ्या विकाराला ‘धात’ हेच नाव दिले. भिंतीवरच्या वैद्याला ही समजूत निर्माण करावी लागत नाही. ती आयतीच असते. तो केवळ तिची किंमत वसूल करतो.

शरीरशास्त्राचे म्हणणे निराळे आहे. ताठरता ही मुख्यतः रक्तप्रवाहाची क्रिया होय. मज्जातंतूंचा संदेश पोहोचताच नायट्रिक ऑक्साइड हा वायू निर्माण होतो, धमन्यांच्या भिंती सैलावतात आणि इंद्रियात रक्त भरते. रक्ताभिसरणातील या वायूच्या कार्याचा शोध लावणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल हे औषध मुळात हृदयशूळावर तपासले जात होते, हा निव्वळ योगायोग नव्हे. शिश्नाच्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर व्यासाच्या, तर हृदयाच्या तीन ते चार. चरबीचा थर सर्वत्र सारखाच साचू लागला, तर अरुंद नळी आधी अडणार हे उघड आहे. म्हणूनच ज्यांच्या तक्रारीचे मूळ रक्तवाहिन्यांत असते, त्यांच्या बाबतीत ती छातीतील कळेच्या अनेकदा दोन ते पाच वर्षे आधी दिसते. ज्याला दुबळेपणा म्हणून लपविले जाते, ती पुष्कळदा हृदयाने आगाऊ धाडलेली नोटीस असते.

मधुमेहाचेही तसेच. तो रक्तवाहिन्या व मज्जातंतू या दोहोंना पोखरतो, आणि कित्येकांना त्याचा पहिला सुगावा याच मार्गाने लागतो. तंबाखू, मद्य, स्थूलपणा, अपुरी झोप ही कारणे सर्वपरिचित आहेत. संप्रेरकाची कमतरता त्या मानाने क्वचित आढळते. रक्तदाबावरील काही जुन्या गोळ्या आणि नैराश्यावरील अनेक औषधे यांच्यामुळेही हा दोष उद्भवतो. डॉक्टरला सांगितल्यास गोळी बदलून देता येते. परंतु रुग्ण सांगत नाही. तो मुकाट्याने गोळीच बंद करतो, आणि रक्तदाब आपल्या गतीने वाढत राहतो.

मन यातून वगळावे असा मात्र याचा अर्थ नव्हे. दोष अचानक उद्भवला, पहाटेची ताठरता शाबूत असली, एका प्रसंगी जमले व दुसऱ्या प्रसंगी नाही, तर कारण बहुधा चिंतेत असते. हळूहळू वाढत जाणारा व सर्व प्रसंगी सारखाच आढळणारा दोष शरीराकडे बोट दाखवितो. अनेकांत दोन्ही एकत्र नांदतात. एकदा आलेले अपयश पुढच्या वेळेची धास्ती निर्माण करते, आणि ती धास्तीच पुढचे अपयश ओढवून आणते.

गिऱ्हाइकाला मालाची पारख नसली की वाईट माल चांगल्याला बाजाराबाहेर घालवितो, असे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन दाखविले. पण मोटारीत फसलेला मनुष्य निदान चारचौघांत ओरडतो! येथे फसलेल्याला ग्राहक आयोगाकडे जायचे तर आधी आपले व्यंग जाहीर करावे लागेल. तेव्हा तो दुसऱ्या वैद्याकडे जातो. कधी चिंताच ओसरते आणि श्रेय पुडीला मिळते. काही ‘वनस्पतीजन्य’ औषधांत तर न सांगता सिल्डेनाफिलच मिसळलेले असल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार आढळले आहे. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब अशा मिश्रणाने घातक पातळीपर्यंत उतरू शकतो. खरी गोळी भारतात स्वस्त आहे व ती गुणकारीही आहे. तथापि तपासणी न करता औषधाच्या दुकानातून गुपचूप आणलेली गोळी काम भागविते आणि नोटीस तेवढी फाडून टाकते.

या प्रश्नांना उघड उत्तरे देण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात फार पूर्वी झाला होता. १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून र. धों. कर्वे वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्वे यांना दंड भरावाच लागला. शास्त्रीय उत्तर देणारा दंडास पात्र ठरला, आणि भिंती रंगविणारे पुढे बंदी येऊनही भिंती रंगवीतच राहिले.

तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब व रक्तातील साखर तपासण्याची सोय आता सरकारी आरोग्य केंद्रांत आहे. त्याच वेळी पुरुषाला हाही एक प्रश्न विचारला जावा, यास फारसा खर्च नाही. मात्र घरोघर जाणारी आशा कार्यकर्ती स्त्री असते. तिच्यापुढे कोणताही गावकरी याचे उत्तर देणार नाही, आणि ते विचारण्याचे ओझे तिच्यावर टाकणेही अन्यायाचे होईल. हा प्रश्न डॉक्टरनेच, पडद्याआड, नाडी पाहता पाहता विचारावयास हवा. मूल होत नाही म्हणून ज्या घरातील सून वर्षानुवर्षे दवाखाने पालथे घालते आणि नवऱ्याला मात्र कोणी काही विचारीत नाही, त्या घरापासून सुरुवात करता येईल.