समुपदेशकाची पाटी आणि कायद्याचे मौन

विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नाची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी जो निकाल दिला, त्याचे स्वागत झाले आणि ते योग्यच झाले. त्या निकालात पंधरा मार्गदर्शक सूचना आहेत. शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, ही त्यांतील एक. खाजगी शिकवणी वर्गांनाही यातून सूट नाही. नेमलेल्या व्यक्तीने बालक व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेले असावे, असेही न्यायालयाने बजावले आहे. अडचण आहे ती 'पात्र' या एका शब्दापाशी. शिक्षक नेमताना बी.एड. पाहता येते, वकिलाची सनद तपासता येते, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक पाटीवर असतो. समुपदेशकाचे काय पाहायचे?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर अर्धेमुर्धे आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमानुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने परिषदेच्या नोंदवहीत नाव दाखल केल्याविना व्यवसाय करणे हा गुन्हा ठरला. त्यासाठी त्या कायद्याने शिक्षा ठरविली ती एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार रुपये! मोठ्या शहरात समुपदेशनाच्या एका बैठकीची फीदेखील याहून अधिक असू शकते. शिवाय 'क्लिनिकल' हा शब्द टाळून नुसते 'समुपदेशक', 'मनोविकास मार्गदर्शक' किंवा 'लाइफ कोच' असे लिहिले की या कलमाचा हात तेथवर पोहोचत नाही. एखाद्या शिबिरात शनिवार-रविवार काढून प्रमाणपत्र घेतलेला गृहस्थ सोमवारी पाटी लावू शकतो.

२०२१ साली संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा केला आणि त्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ व काही प्रकारचे समुपदेशक यांना प्रथमच स्थान दिले. राज्यांनी परिषदा स्थापून नोंदवह्या सिद्ध कराव्यात, अशी ही योजना. पण कायदा होऊन तीन वर्षे लोटल्यावरही परिषदांचे काम रेंगाळलेलेच होते; २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयास राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. म्हणजे समुपदेशक नेमण्याची सक्ती एकीकडे, आणि समुपदेशक कोणास म्हणावे हे ठरविण्यातील दिरंगाई दुसरीकडे. या दोहोंच्या मधल्या अंतरात जे घडते त्याची झळ संस्थाचालकांना लागत नाही, ती सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना लागते.

प्रस्तुत लेखकाने अध्यापनाच्या काळात असा एक प्रसंग जवळून पाहिला आहे. वसतिगृहात राहणारी एक विद्यार्थिनी मनातील घालमेल सांगण्यासाठी संस्थेने नेमलेल्या बाईंकडे गेली. आपले प्रेम एका मैत्रिणीवर आहे, एवढेच तिने सांगितले. संध्याकाळपर्यंत ते प्राचार्यांना कळले, दुसऱ्या दिवशी आईवडील गावाहून आले, आणि 'उपचारा'साठी कोणाकडे न्यावे याचा पत्ताही त्याच बाईंनी लिहून दिला. बाई दुष्ट नव्हत्या. आपण मुलीचे भलेच करीत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. परंतु दुसऱ्याचे गुपित कोणत्या मर्यादेपर्यंत जपायचे, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते आणि ते न जपल्याबद्दल जाब विचारणारेही कोणी नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता रोगांच्या यादीतून वगळली. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. तरीही जो रोगच नाही तो बरा करून देण्याचा धंदा चालतो. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यासमोर २०२१ साली मदुराईहून चेन्नईस आलेल्या दोन तरुणींचे प्रकरण आले. निकाल देण्यापूर्वी या विषयातील आपले अज्ञान दूर व्हावे म्हणून न्यायमूर्ती स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे शिकण्यासाठी बसले. न्यायासनावरील व्यक्तीने एवढा विनय दाखवावा, हे आपल्याकडे क्वचित घडते. असा कल बदलण्याच्या वैद्यकीय उपचारांना त्यांनी मनाई केली, आणि ते करणाऱ्या व्यावसायिकांवर परवाना काढून घेण्यापर्यंत कारवाई व्हावी असा आदेश दिला. त्याला अनुसरून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये हे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळविले.

पण परवाना काढून घ्यायचा तर तो आधी दिलेला असावा लागतो! आयोगाचे पत्र डॉक्टरांना बांधते. ज्याला परवानाच नाही त्याचे ते काय वाकडे करणार? कॅलिफोर्नियाने २०१२ साली अल्पवयीनांवर असे उपचार करण्यास परवानाधारकांना बंदी केली. तेथे मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते, विवाह व कुटुंब समुपदेशक या सर्वांनाच परवाना घ्यावा लागतो, म्हणून त्या बंदीला काही अर्थ आला. कॅनडाने पुढे जाऊन २०२२ च्या जानेवारीपासून असे उपचार करणे हाच फौजदारी गुन्हा ठरविला, मग करणारा परवानाधारक असो वा नसो. आपण मात्र पहिलीच पायरी गाळून दुसरीवर पाय ठेवीत आहोत.

यावर एक आक्षेप हमखास येईल. घरातील आजी, गावातील वडीलधारे, शाळेतील गुरुजी हेही सल्ला देतातच. त्या सर्वांना परवाना लागणार काय? मुळीच नाही. जो फी घेतो, किंवा संस्थेचा पगार घेऊन त्या पदावर बसतो, त्याच्यापुरताच हा प्रश्न आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तज्ज्ञांची संख्या आधीच अपुरी, त्यात नियम कडक केले तर तालुक्याच्या गावी कोणीच उरणार नाही. ही भीती खरी आहे. परंतु त्यावर उपाय श्रेणी पाडण्याचा आहे. सरकारी रुग्णालयांतील एचआयव्ही समुपदेशक ठराविक प्रशिक्षण घेऊन ठराविक मर्यादेत काम करतात, आणि मर्यादेपलीकडचा रुग्ण पुढे पाठवितात. शाळेतील समुपदेशकाचीही अशी श्रेणी आखता येईल. कमी शिकलेला समुपदेशक एक वेळ चालेल. कोणासच उत्तरदायी नसलेला चालणार नाही.

नुसत्या नोंदवहीनेही भागणार नाही, कारण नोंदणीकृत माणूसही बंद दाराआड काय करतो हा प्रश्न उरतोच. येथे महाराष्ट्राने आपल्याच घरातील एका कायद्याकडे पाहावे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याची खरी ताकद त्याच्या अनुसूचीत आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली साखळीने बांधून मारहाण करणे, साप किंवा विंचू चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे, अशी कृत्ये तेथे एकेक करून लिहिली आहेत. श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांच्या व्याख्येत कायदा अडकला नाही; त्याने कृत्यांवर बोट ठेवले. समुपदेशनाबाबतही हाच मार्ग धरता येईल. लैंगिक कल बदलून देण्याचा दावा करणे, मनोविकारतज्ज्ञाने दिलेली औषधे परस्पर बंद करावयास लावणे, जिवाला धोका नसताना विद्यार्थ्याचे गुपित फोडणे, सल्ला घेण्यास आलेल्या व्यक्तीशी शरीरसंबंध ठेवणे, या कृत्यांची स्पष्ट यादी राज्य परिषदेच्या आचारसंहितेत हवी. मांत्रिकाने केले तर गुन्हा आणि वातानुकूलित खोलीत केले तर उपचार, हा भेद कायद्याने का मानावा?

शाळा-महाविद्यालयांतून समुपदेशकांच्या नेमणुका व्हावयाच्याच आहेत. मुलाखतीला बसणाऱ्या मुख्याध्यापकांनी आणि प्राचार्यांनी उमेदवाराची पदवी तर पाहावीच; पण तुमच्याविरुद्ध विद्यार्थ्याला तक्रार करावयाची झाली तर त्याने ती कोणाकडे करावी, हेही त्यास विचारावे. उत्तर मिळाले नाही तर तोच प्रश्न लेखी स्वरूपात राज्याच्या आरोग्य विभागाकडे पाठवावा.