बाराबंदीची बगल

जुन्या काळचे कपडे मी घरी शिवते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: जर कुठून आणता? विचारणाऱ्यांचा दोष नाही. मालिकांमधल्या पेशव्यांनी आणि बाजारातल्या चेनच्या शिवलेल्या नऊवारींनी आपला इतिहास फारच चमकवून ठेवलाय. मी मांजरपाट आणते. भिजवून खळ काढते, आटायचं तेवढं आटू देते आणि मग बाराबंदी बेतायला घेते.

बाराबंदीला बटण नाही. बारा बंद, म्हणजे सहा गाठी. आतला पल्ला आधी बांधायचा, त्यावर दुसरा ओढून घ्यायचा. माणूस सुटला किंवा वाळला तरी गाठ सैल-घट्ट करून भागतं. सोलापूरला सिद्धेश्वरांच्या यात्रेत, संक्रांतीच्या सुमारास, नंदीध्वज पेलणारे भक्त आजही पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत दिसतात. लोक ध्वजाकडे बघून हात जोडतात. माझी नजर, सिद्धेश्वर क्षमा करो, त्यांच्या काखेकडे जाते.

कारण जुन्या शिवणीतली सगळी अक्कल काखेत आहे. अंग सरळ कापलेलं, बाहीही सरळ. मुंढ्याला आजच्यासारखा गोल आकार नाही. असं शिवलं तर हात वर करताच अख्खा कपडा वर चढेल, नाहीतर टरकेल. म्हणून बगलेत एक छोटा चौकोन तिरका बसवायचा. तळहाताएवढ्या त्या तुकड्याने हाताला वाव मिळतो. अठराव्या शतकातल्या युरोपातल्या लिननच्या सदऱ्यांतही काखेत हाच चौकोन सापडतो.

दोन्हीकडे कापड महाग होतं आणि अरुंदही. विणकर एका हाताने धोटा फेकणार आणि दुसऱ्याने झेलणार, म्हणजे पन्हा त्याच्या हातांच्या पोचेपुरताच. ही अडचण दूर करणारा जॉन केचा धावता धोटा इंग्लंडात आला तो 1733 मध्ये. अशा अरुंद कापडात गोल कापणं म्हणजे चिंध्या करणं. घेरासाठी कळ्या लागल्या तरी लांबट पट्टा कोनाकोनी कापायचा, एक कळी उलटी फिरवायची, कात्रण शून्य. आजच्या फॅशनवाल्यांनी याला भारी नाव दिलंय, आपले शिंपी ते बिननावाचं करत होते.

बंद कुठल्या बाजूला, हीसुद्धा साधी गोष्ट नव्हे. मुघल काळातल्या लघुचित्रांत जामा डाव्या बगलेत बांधला असेल तर हिंदू, उजव्या असेल तर मुसलमान, अशी ओळख अभ्यासक सांगतात.

इंग्रजी कपडे शिवणाऱ्या हौशी मंडळींचा मला हेवा वाटतो तो जॅनेट अर्नल्डमुळे. या बाईंनी संग्रहालयांतले मूळ कपडे मोजून, शिवण न् शिवण बघून, चौकटीच्या कागदावर त्यांचे बेत काढले. 'पॅटर्न्स ऑफ फॅशन'चा पहिला भाग 1964 चा, तो समोर ठेवून आजही लोक घरी झगे शिवतात. मराठी कपड्यांचं असं बेतांचं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांचं 'इंडियन कॉस्च्यूम' आहे, पण ते वाचून कात्री चालवता येत नाही. मग जुने फोटो आणि कुणाच्या तरी ट्रंकेतला आजोबांचा अंगरखा, यांच्यावर भिस्त.

शिवण हाताचीच. दोरा मेणावरून ओढला की गुंता कमी होतो. लांब शिवणीला धावदोरा, ताण येतो तिथे उलटी टीप. अंगुस्ताना न घालता मांजरपाट शिवणाऱ्याला मी शूर म्हणेन, शहाणा नाही.

उरलेल्या पट्ट्यांची चंची होते. पान, सुपारी, कात, तंबाखू यांचे वेगवेगळे कप्पे, गुंडाळी करून दोरीने बांधायची. माझ्या चंचीत सुया, मेण आणि मोबाइलचा चार्जर असतो.

बाराबंदी भाच्याला दिली. तो ती जीन्सवर घालतो, याला माझी हरकत नाही. पण आतले बंद बांधायचा कंटाळा करतो आणि आतला पल्ला खाली लोंबत राहतो. त्याला सांगून टाकलंय, बंद बांधायचे नसतील तर सरळ टी-शर्ट घाल.