वडापाच्या जाळ्यात कोण सापडतो?

उजनीच्या जलाशयात बारीक आसाची 'वडाप' जाळी लावणाऱ्यांवर कारवाई झाल्याच्या, ती जाळी जप्त करून नष्ट केल्याच्या बातम्या अधूनमधून वृत्तपत्रांत येतात. बोटभर लांबीची पिले ओढून काढणारे हे जाळे जलाशयाचे उद्याचे उत्पन्न आजच संपविते, यात वाद नाही. ते बंद व्हावयास हवे, यातही वाद नाही. परंतु दरवर्षी तीच जाळी, तीच जप्ती आणि पुढच्या हंगामात पुन्हा तीच जाळी, असे का घडते, याचा विचार मात्र बातमीच्या पलीकडे कोणी करीत नाही. जाळे ओढणारा सापडतो; ते जाळे ज्या व्यवहारासाठी ओढले जाते तो व्यवहार सापडत नाही.

भीमेवरील उजनी धरणाचे काम १९६९ साली सुरू झाले आणि १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी सामावणारा हा जलाशय. त्यातील निम्म्याहून अधिक साठा मृतसाठा म्हणून मोजला जातो. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण पाण्याचा मोठा फुगवटा पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात. पळसदेवचे जुने मंदिर पाण्याखाली गेले, आणि पाणी ओसरले की ते आजही वर येते. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा शून्य टक्क्यांच्या पुष्कळ खाली गेला तेव्हा ते पाहावयास लोकांची रीघ लागली होती. मंदिराबरोबर ज्यांची काळी जमीन गेली त्यांना पाहावयास मात्र कोणी जात नाही. त्यांतील काहींनी भोई आणि कोळी समाजाच्या पिढीजात मच्छीमारांच्या शेजारी आपलीही होडी पाण्यात लोटली. ज्या पाण्याने शेत घेतले त्याच पाण्यातून पोट भरावयाचे, असा हा व्यवहार होता. भिगवण आणि इंदापूर येथील मासळीबाजार त्यातून उभे राहिले. पुणे-सोलापूर महामार्गावर 'उजनीची ताजी मासळी' अशा पाट्या झळकू लागल्या आणि बारामती-इंदापूरच्या खानावळींत मासळीचे ताट ही नित्याची गोष्ट झाली.

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या या मुलखाला समुद्रावरील मासेमारीचे संशोधन सांगण्याचे प्रयोजन काय, असे वाचकांस वाटेल. प्रयोजन असे, की अतिरेकी मासेमारीने पाण्यातील जीवनाची घडी कशी विस्कटते याचा हिशेब समुद्रात अधिक बारकाईने मांडला गेला आहे, आणि तो हिशेब गोड्या पाण्यालाही लागू पडतो. २०२१ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, खुल्या महासागरातील शार्क आणि पाकट यांची संख्या १९७० पासून सुमारे ७१ टक्क्यांनी घटली. त्याच काळात, उरलेल्या माशांच्या मानाने पाहता, त्यांच्यावरील मासेमारीचा ताण अठरा पटींनी वाढला. आपल्या कोकणात ज्याला मुशी किंवा मोरी म्हणतात त्या या कुळाचा दोष एवढाच, की ते सावकाश वाढते. मोठ्या जातींच्या शार्कला वयात यावयास कित्येक वर्षे लागतात. मग दीर्घ गर्भकाळानंतर मोजकीच पिले जन्मतात. हजारो अंडी घालणाऱ्या तारलीचे नुकसान एखाद्या चांगल्या पावसाळ्यात भरून निघू शकते, मुशीचे निघत नाही. म्हणून सर्वांवर सारखेच जाळे पडले तरी सर्वांचा नाश सारखा होत नाही. सावकाश वाढणारा आधी संपतो आणि चटकन विणारा उरतो. डॅनियल पॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हेच जगभरच्या मासेमारीच्या आकड्यांतून दाखविले होते: माणूस समुद्राच्या अन्नसाखळीची वरची पायरी संपवितो आणि मग एकेक पायरी खाली उतरत जातो.

आता उजनीकडे पाहा. रोहू, कटला, मृगळ हे मासे एका वेळी लाखांनी अंडी घालतात. पण त्यांना विणीसाठी पावसाळ्यातले वाहते पाणी लागते. धरणाच्या साचलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत, म्हणून त्यांचे बीज बाहेरून आणून सोडावे लागते. सार्वजनिक पैशाने सोडलेले हे बीज विक्रीयोग्य होण्याआधीच वडापात आले, तर तो पैसा कोणी गिळला असे म्हणावयाचे? दुसऱ्या बाजूस चिलापी. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला. तो तीन-चार महिन्यांत वयात येतो, वर्षातून अनेकदा वितो आणि मादी अंडी व पिले तोंडात धरून त्यांचे रक्षण करते. साचलेले पाणी त्याला चालते. प्राणवायू कमी असलेले, सांडपाण्याने हिरवे झालेले पाणीही चालते. बारीक आसाचे जाळे दोघांवर सारखेच पडते. चिलापी काही महिन्यांत पुन्हा उभी राहते, कटला राहत नाही. मग बाजारात चिलापीचे ढीग दिसतात आणि 'उजनीत मासळी भरपूर आहे' असा निर्वाळा दिला जातो. टोपल्या भरलेल्या असतात, हे खरे. परंतु त्या कशाने भरल्या आहेत हे विचारण्याची सवय आपल्या शासकीय आकडेवारीला नाही. टनांत मोजले की मुशी काय, जवळा काय, कटला काय आणि चिलापी काय, सारे सारखेच.

आणि हे पाणी असे हिरवे कोणी केले? पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांची दक्षिण सीमा सांभाळणारी नीरा नरसिंहपूरला भीमेस मिळते. तिच्या काठचा ऊस, त्याची खते, कारखान्यांची मळी यांचा भार त्या संगमाखालच्या भीमेवर पडतो. बंधाऱ्याबंधाऱ्यांनी अडविलेल्या या नद्यांत विणीसाठी वर चढणाऱ्या माशाला वाट उरलेली नाही. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. नदीत वाढून अंडी घालावयास समुद्रात जाणारा आणि ज्याची पिले पुन्हा नदी चढून येतात असा अहेर नावाचा सापासारखा मासा आहे. कृष्णेवर नागार्जुनसागर आणि श्रीशैलमच्या भिंती उभ्या राहिल्यावर त्या पिलांनी भीमेपर्यंत यावयाचे कसे? मोठ्या शहराच्या सांडपाण्यावर दंड नाही, साखरेच्या मळीवर झाला तर नोटिशीपुरता, आणि वडापवाल्याची जाळी मात्र जप्त. समतेच्या गोष्टी करणाऱ्या राज्यात हा न्याय चमत्कारिक वाटत नाही, हेच अधिक चमत्कारिक आहे.

वडापवाल्याचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. त्याच्या हाताने होणारे नुकसान खरे आहे, आणि ते प्रथम त्याच्या शेजारच्या, मोठ्या आसाचे जाळे लावून बसलेल्या मच्छीमाराचेच होते. पण होडी आणि जाळ्यासाठी ज्याने व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे, त्याचा मासा पाण्यात असतानाच विकला गेलेला असतो. त्याला पिलू मोठे होईपर्यंत थांबावयास सांगणे म्हणजे कर्जदाराला व्याज थांबवून धरावयास सांगणे होय. वाळवून विकली जाणारी ही बारीक मासळी कोण विकत घेतो? ती कोठे जाते? जाळ्यासाठी इतका पाठलाग करणाऱ्या यंत्रणेला हे दोन प्रश्न अवघड जाऊ नयेत. महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० सालचा आहे. जाळ्याचा आस ठरविणे, बंदीचा काळ ठरविणे हे अधिकार शासनाकडे सहा दशकांपासून आहेत. कायद्याची उणीव नव्हे, तो कोणाच्या बाजूने वापरावयाचा या निश्चयाची उणीव आहे.

शार्कच्या बाबतीत हा अनुभव देशाने एकदा घेतला आहे. २००१ च्या जुलैत केंद्र सरकारने एका अधिसूचनेने सगळ्याच शार्क आणि पाकटांच्या शिकारीवर बंदी घातली. ज्यांच्या जाळ्यात मुशी न बोलावता येते त्या लहान मच्छीमारांना कोणी विचारले नव्हते. किनाऱ्यावर विरोध झाला आणि डिसेंबरात बंदी मोजक्या जातींपुरती आखडावी लागली. संरक्षण फसले ते मच्छीमारांच्या आडमुठेपणाने नव्हे, दिल्लीच्या घाईने फसले. याच्या उलट उदाहरणही आपल्याच राज्यातले आहे. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने असे ठरविले, की जाळ्यात अडकलेली व्हेल शार्क, कासव यांसारखी संरक्षित प्रजाती सोडून देण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. यानंतर जाळी कापून प्राणी सोडल्याच्या घटनांची नोंद होऊ लागली. मच्छीमाराला गुन्हेगार न मानता भागीदार मानल्याने हा फरक पडला. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली जी बंधने आली ती पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे लढून आणविलेली होती, हेही विसरता येत नाही. समुद्र वाचावा ही मागणी आधी त्यांनी केली, निसर्गप्रेमी मंडळी नंतर आली.

ज्ञानाचीही गोष्ट येथे केली पाहिजे. भीमा आणि मुळा-मुठेतल्या माशांची पहिली शास्त्रीय नोंद कर्नल साईक्स याने १८३९ ते १८४१ च्या दरम्यान प्रसिद्ध केली. खुद्री, कोळशी, नुक्ता ही नावे त्याने आपल्या मच्छीमारांच्या तोंडून घेतली आणि लॅटिन नावांत कायमची बसविली. इंद्रायणीतला नुक्ता आज संकटग्रस्त जातींत गणला जातो. पुण्याच्या अभ्यासकांनी २००३ साली जुन्या याद्यांशी ताळा घालून पुणे जिल्ह्यातील नद्यांत कोणते मासे कमी झाले ते मांडले. अलीकडे उजनीच्या माशांच्या याद्याही प्राणिशास्त्राच्या अध्यापकांनी केल्या. हे सारे इंग्रजीत, नियतकालिकांच्या पानांत. ज्यांनी साईक्सला नावे सांगितली त्यांच्या वंशजांना तो निष्कर्ष सांगण्यास कोणी काठावर गेले नाही. सागरी मासळीच्या पन्नासहून अधिक जातींचा किमान आकार राज्याने २०२३ साली ठरवून दिला. पापलेटचे पिलू केवढे आणि पापलेट केवढे याची चित्रे किनाऱ्यावर लागू शकतात, तर भिगवणच्या लिलावाच्या ओट्यावर कटल्याची का लागू नयेत?

उजनीपुरते बोलावयाचे तर जाळ्याच्या आसाची तपासणी पाण्यावर करण्याऐवजी बाजारात करावी. होड्या शेकडो आहेत, लिलावाचे ओटे मोजके आहेत. ठरलेल्या मापाहून लहान मासळी ओट्यावर आली तर दंड आणणाऱ्यावर नव्हे, घेणाऱ्यावर बसवावा. पावसाळ्याच्या तोंडावर भीमेच्या वरच्या अंगाला, जेथे पाणी वाहते राहते तेथे, विणीपुरती मासेमारी बंद ठेवावी आणि त्या दिवसांची भरपाई हातात रोख द्यावी, समुद्रकाठच्या आणि जलाशयाकाठच्या मच्छीमारात भेद न करता. बीज किती सोडले एवढेच न सांगता त्यातले किती मोठे झाले हे मच्छीमारांच्या सभेत सांगावे. आणि जलाशय सलग ठेक्याने देण्याची भाषा जेव्हा जेव्हा निघेल तेव्हा तिला विरोध करावा, कारण ठेकेदाराची नजर त्याच्या मुदतीपलीकडे जात नाही. ज्याची जमीन या पाण्याखाली आहे त्याला येथून दुसरीकडे जावयाचे नाही. कोणता मासा केव्हा वितो, पाणी कोठे मरते, वडाप रात्री कोण लावतो हे त्याला ठाऊक आहे. आस किती असावा हे ठरविण्याच्या बैठकीचे पहिले निमंत्रण त्यालाच गेले पाहिजे, आणि ती बैठक पुण्याच्या कार्यालयात नव्हे, कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावर झाली पाहिजे.